तारखेमागून तारीख

पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर. चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. तेव्हा पहिलीतली पोरं आता कॉलेजात गेली, गणपतीला गावी येताना खड्डे तेच. २०२३ मध्ये चिपळुणात तर बांधतानाच उड्डाणपूल कोसळला.

संसदेत प्रश्न येतात, नाही असं नाही. मंत्री नवी तारीख देतात, आपण फॉरवर्ड करतो. मीही केलीय! पण लोकसभेत सरकारी आश्वासनांसाठी वेगळी समिती आहे. सभागृहात दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते.

म्हणून खासदार गावात आले की हार घालायच्या आधी मी विचारणार आहे, तुम्हीही विचारा: साहेब, आपल्या रस्त्याचं कुठलं आश्वासन त्या समितीकडे आहे? आणि मुदतवाढ कितव्यांदा मागितली?