बोथट नाकाचे यान

उमरी स्टेशनवर उभे असताना समोरून वेगाने आगगाडी गेली, की वाऱ्याचा झोत अंगावर येतो. गाडी हवेला बाजूला सारते. पण यानाचा वेग आवाजाच्या पाचपटीहून जास्त झाला, की हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती यानापुढे दाबली जाते आणि फार तापते.

अशा वेगाने अवकाशातून परतणाऱ्या यानाचे नाक कसे असावे? 'सुईसारखे टोकदार,' असे आपण चटकन म्हणू. पूर्वी तज्ज्ञांनाही तसेच वाटे. पण १९५१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ ज्युलियन ॲलन यांनी उलट विचार मांडला. बोथट नाकापुढे दाबलेल्या हवेची लाट तयार होते. बरीचशी उष्णता त्या हवेतच राहते. टोकदार नाक मात्र वितळू शकते. जानेवारी २००७ मध्ये भारताचे परतीचे यान बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरले. त्याचेही नाक बोथटच होते.

मला वाटते, विज्ञान नुसते पाठ करून येत नाही. जे उघड दिसते, तेही तपासावे लागते. म्हणून शाळेत प्रयोगाचा तास कधी बुडू नये आणि 'असेच का?' असे विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कोणी गप्प बसवू नये. तुम्हीही न लाजता हात वर करा.