एका व्यक्तीचा इतिहास

एकाच व्यक्तीचा सविस्तर वृत्तांत बारकाईने गोळा करून त्यावरून मनाच्या व्यापारांचा शोध घेण्याची एक पद्धत मानसशास्त्रात आहे. तीस 'व्यक्ति-अभ्यास' म्हणतात. एका माणसावरून सगळ्या मनुष्यजातीविषयी काय कळणार, असा आक्षेप तीवर घेतला जातो. आमच्या मते ही पद्धत त्याज्य नाही. मात्र तिचे मोल टिपणाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. सन १९७४ मध्ये नागपूर येथील एक सुशिक्षित मराठी बाई मधूनमधून निराळ्याच व्यक्तीप्रमाणे वागू लागल्या. त्या अवस्थेत त्या बंगाली बोलत, घरच्यांस ओळखीत नसत आणि आपले नाव शारदा असल्याचे सांगत. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयान स्टीव्हन्सन व बंगळूरच्या डॉ. सतवंत पसरिचा यांनी त्यांची, आप्तांची व बंगाली जाणकारांची कसून विचारपूस केली. त्यांचा लेख १९८० साली व स्टीव्हन्सन यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. प्रा. वि. वि. अकोलकर यांनीही या प्रकरणाचा अभ्यास केला.

स्टीव्हन्सन यांचा कल पुनर्जन्माकडे होता. तथापि शाळेत असताना त्या बाईंनी बंगाली वाचनाचे काही धडे घेतले होते, ही स्वमतास अडचणीची गोष्ट त्यांनी लपविली नाही. पुढे टीकाकारांनी तिचाच आधार घेऊन निराळा अर्थ लाविला. प्रतिपक्षालाही उपयोगी पडावे असे टिपण, हेच खऱ्या संशोधकाचे लक्षण होय. पुनर्जन्म सिद्ध झाला, असे आम्ही मानीत नाही. एका प्रकरणाने प्रश्न उभा राहतो, सिद्धान्त ठरत नाही.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी यातून एक बोध घ्यावा. कोणी मूल एकाएकी अबोल झाले, अभ्यासात मागे पडले किंवा विचित्र वागू लागले, की 'बाधा झाली', 'सोंग करतो', असा निकाल आपण तत्काळ देतो. निकालाआधी वृत्तांत हवा: हे केव्हा सुरू झाले, त्यापूर्वी घरी वा शाळेत काय घडले, झोप व भूक कशी आहे, आणि आपल्या तर्काविरुद्ध जाणारे काय दिसते? तो वृत्तांत घेऊन वैद्यकीय तज्ज्ञाकडे जावे. चावडीवर त्याची चर्चा करू नये. घाईने दिलेला एक शब्द मुलास जन्मभर चिकटतो. तो उच्चारण्यापूर्वी त्या मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हे आम्ही प्रत्येक घराचे कर्तव्य समजतो.