स्पॅनिशमध्ये प्रपोज करायचंय? मराठीतून शिका!

'मनी हाइस्ट' बघून स्पॅनिशच्या क्लासला नाव घालणारे आपल्यात कमी नाहीत. आणि क्लास लावला की आधी प्रेम, ब्रेकअप, लग्नाचेच शब्द शोधले जातात. शोधा की, त्यात काय! पण हे शब्द आपण इंग्रजीतून का शिकतो, हे मला कळत नाही.

'मे गुस्तास' घ्या. म्हणजे 'मला तू आवडतेस'. इंग्रजीतल्या 'आय लाइक यू'मध्ये सगळा भाव 'आय'ला. स्पॅनिशमध्ये मात्र क्रियापद चालतं 'तू'प्रमाणे. हे समजावताना आमच्या बॅचमध्ये 'यू आर प्लीझिंग टू मी' असली कसरत करण्यात अख्खं लेक्चर गेलं. अरे, मराठीत हेच तर आहे! मला चहा आवडतो, मला भजी आवडतात. 'मला' जागेवरच, क्रियापद चहा-भज्यांच्या मागे. 'मे गुस्ता', 'मे गुस्तान' अगदी तसंच.

लग्नाचंही तेच. इंग्रजीत 'मॅरी हिम', मध्ये काही नाही. स्पॅनिशमध्ये 'कासार्से कोन', म्हणजे कोणाशी तरी लग्न करणं. 'त्याच्याशी लग्न केलं' आठवा, तो 'कोन' कधी विसरणार नाही.

माझा फेवरेट शब्द 'नोविओ'. बॉयफ्रेंडही तोच, होणारा नवराही तोच आणि लग्नाच्या दिवशीचा नवरदेवही तोच. मुळाशी लॅटिनमधला 'नवा'. आपला 'नवरा'ही 'नववर'वरून आलाय. गंमत म्हणजे लग्न झालं की 'नोविओ' संपतो, त्याचा 'मारीदो' होतो. आपला नवरा त्या दिवशी सुरू होतो आणि ढेरी सुटली तरी 'नव'राच राहतो! 'एस्पोसास' म्हणजे बायका आणि बेड्यासुद्धा. अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' १९३६चं, म्हणजे हा जोक आपल्याकडेही जुनाच. (दोन्हीकडे बायकांच्याच नावावर का, हा वेगळा विषय.)

आमच्या बॅचमधल्या दोघींनी क्लास सोडला. कारण? 'आपलं इंग्लिश कच्चं आहे.' स्पॅनिश नव्हे, इंग्लिश! दोघी मराठी मीडियमच्या. 'गुस्तार' त्यांना पाच मिनिटांत जमलं असतं, फक्त कुणी फळ्यावर 'मला चहा आवडतो' लिहायला हवं होतं. फी भरून आलेल्या मुली अशा बाहेर पडतात, तेव्हा चूक त्यांची नसते.

सगळं काही जुळत नाही, हेही खरं. 'तू' म्हणजे 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही', इथपर्यंत ठीक. पण कोलंबियात अनेक ठिकाणी नवरा-बायकोही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. दोघंही! आपल्याकडे 'अहो' एकीकडून आणि 'अगं' दुसरीकडून. हे आजीला सांगितलं तर ती आधी हसली, मग आजोबांकडे बघून म्हणाली, "ऐकलंत का?"