विद्यार्थ्यांची नवी जातवारी

मुलांचे पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे व हाताने करून शिकणारे असे चार वर्ग पाडावे आणि ज्याला त्याला त्याच्या वर्गाच्या रीतीनेच शिकवावे, हे मत हल्ली शिक्षकांत व पालकांत बरेच रूढ झाले आहे. न्यूझीलंडातील नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास ही चौकडी प्रसिद्धीस आणली. मत दिसण्यात उदार आहे. परंतु ते खरे आहे काय?

जो एखादी गोष्ट प्रतिपादितो त्यानेच ती सिद्ध केली पाहिजे, हा न्यायासनापुढील नियम शिक्षणशास्त्रासही लागू आहे. येथे पुरावा कोणता पाहिजे हे उघड आहे. पाहणाऱ्यास चित्राने अधिक यावे, ऐकणाऱ्यास व्याख्यानाने अधिक यावे, आणि अदलाबदल करताच दोघांचेही नुकसान व्हावे. २००८ साली हॅरोल्ड पॅश्लर प्रभृति चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन या कसोटीस लावले. तेव्हा ही पद्धत शाळांत चालविण्यास पुरेसा आधार त्यांस आढळला नाही.

मुलांस आवडनिवड नसते असे आमचे म्हणणे नाही. पण आवड म्हणजे आकलन नव्हे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र उतारा बाजूस ठेवून तो आठवून लिहिणारे पुढे गेले. जे सोपे वाटते तेच टिकते असे नव्हे, हाच याचा बोध होय. अंधास ब्रेल व बधिरास खुणांची भाषा देणे ही गोष्ट अगदी निराळी. ती गरज आहे, आवड नव्हे.

शिकविण्याची रीत मुलाच्या वर्गाने नव्हे, तर विषयाने ठरावी. नकाशा पाहिल्यावाचून भूगोल नाही, ऐकल्यावाचून सूर नाही, आणि हात चालविल्यावाचून सुतारकाम नाही. आमच्या जुन्या शाळांत धूळपाटीवर बोट फिरे, तोंडाने पावकी-निमकी चाले व कान सोबत्यांच्या घोषाकडे असत. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली, तीही सर्व मुलांकरिता. 'हाताच्या' मुलांचा निराळा वर्ग काढण्याकरिता नव्हे.

आम्हांस खरे भय आहे ते येथेच. गुणकर्मांच्या नावाने वर्ग पाडावयाचे आणि पुढे त्याच वर्गांची जन्मभराची बेडी करावयाची, याचा अनुभव या देशाइतका दुसऱ्या कोणास आहे? मजुराच्या मुलास 'हा हाताने शिकणारा' अशी चिठ्ठी एकदा चिकटली, म्हणजे त्याच्या हातातील पुस्तक काढून घेण्यास कितीसा वेळ लागणार? आणि तेही त्याच्याच हिताच्या नावाने! १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस तो हक्क मिळाला. इतक्या कष्टाने उघडलेले दार मानसशास्त्राच्या नावाने कोणी पुन्हा अर्धे लावू नये.

म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून ही वर्गवारी काढून टाकावी. मुलास काय येते व कोठे अडते याची विचारपूस शिक्षकाने रोज करावी, आणि डोळा, कान, हात व वाणी ही चारही दारे प्रत्येक मुलास उघडी ठेवावी. 'तू कोणत्या वर्गाचा?' हा प्रश्न या देशातील मुलांस पुष्कळ विचारून झाला आहे. निदान शाळेत तरी तो विचारला जाऊ नये.