दोन मीटर

गॅलापागोसहून परत येऊन आता महिना होईल. तेव्हापासून जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच, "मग किती जवळून पाहिलेस प्राणी?" पुण्याहून मावशीने तर थेटच विचारलं, "अगदी हात लावता येतो म्हणे. लावलास की नाही?" प्रत्येक वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी शोभाही आहे. म्हणून इथे लिहितोय.

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण १००० किलोमीटर आत, पॅसिफिकमध्ये. आमची सोळा प्रवाशांची छोटीशी बोट रात्रभर चालायची आणि सकाळी डोळे उघडले की खिडकीबाहेर नवीन बेट! मग रबरी होडीतून किनाऱ्यावर. पाहावं तिकडे काळे समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून पसरलेले, अधूनमधून नाकातून खारं पाणी शिंकरणारे. नॉर्थ सेमूर बेटावर तर निळ्या पायांच्या एका बूबीने पायवाटेवरच अंडी घातली होती. गाईडने आमची अख्खी वरात तिला वळसा घालून नेली. रस्त्यात बसलेल्या आपल्याकडच्या गाईला हॉर्नचं जेवढं कौतुक, तेवढंच तिला आमचं.

ही निर्भयता आली कुठून? ही बेटं ज्वालामुखीतून वर आली, खंडाला कधी जोडलेलीच नव्हती. त्यामुळे जमिनीवरचे मोठे शिकारी प्राणी इथे पोचलेच नाहीत. १८३५ साली डार्विन इथे आला तेव्हा त्याने बंदुकीच्या नळीने ढकलून एका ससाण्याला फांदीवरून उठवलं होतं. एका समुद्री इग्वानाला त्याने पुन्हापुन्हा पाण्यात फेकलं, तर तो बिचारा दर वेळी पोहत त्याच्याच पायाशी परत! भीती असलीच तर पाण्यातल्या शार्कची असेल, किनाऱ्यावर कसली भीती, असा डार्विनने अंदाज केला.

पण या भोळेपणाची किंमतही त्यांनीच मोजली. महाकाय कासवं अन्नपाण्याशिवाय महिनोन्महिने जगतात, हे खलाशांच्या लक्षात आलं आणि ताजं मांस म्हणून ती जिवंतच जहाजांवर चढवली गेली. पिंटा बेटावरच्या कासवांपैकी शेवटचा, लोनसम जॉर्ज, २४ जून २०१२ ला गेला. त्याच्याबरोबर ती जातही संपली.

आता माझी गोष्ट. एस्पान्योला बेटावरचा पांढराशुभ्र वाळूचा किनारा. समुद्रसिंह दुपारच्या जेवणानंतर आडवे झालेल्या काकालोकांसारखे घोरत पडलेले. इथला नियम, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला तर स्तब्ध उभं राहायचं. झालं असं की एक पिल्लू लुटूलुटू सरकत थेट आमच्या लेकीपाशी आलं आणि तिच्या पायाची बोटं हुंगू लागलं. ती दहा वर्षांची. हात मागे बांधून, श्वास रोखून उभी. गाईड बराच पुढे गेलेला. आणि मी, तिचा बाप, कॅमेरा डोळ्याला लावून कुजबुजलो, "हळूच हात लाव ना, फोटो मस्त येईल."

तिने मान हलवली. पिल्लू गेल्यावर म्हणाली, "बाबा, त्याची आई त्याला वासावरून ओळखते. माझा वास लागला असता तर?"

पहिल्याच संध्याकाळी गाईडने हेच सांगितलं होतं. मी तेव्हा बहुधा कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावत होतो.

तेव्हापासून "जवळून" या शब्दाचा मला जरा धसकाच बसलाय. आपल्याला वाटतं, इतके पैसे भरले म्हणजे जवळ जायचा हक्क मिळाला. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती बातमी वाचून मी तावातावाने बोललो होतो. पण त्या जिप्सीतला माणूस आणि माझ्यात फरक काय? त्याच्याकडे गाडी होती, माझ्याकडे लेक.

१ ऑगस्ट २०२४ पासून तिथलं प्रवेशशुल्क बहुतेक परदेशी पाहुण्यांसाठी १०० चं २०० डॉलर झालंय. शिवाय गाईडशिवाय पायवाटेवर पाऊल ठेवायचं नाही, एका गाईडमागे फार तर सोळा माणसं. जायच्या आधी मी या सगळ्यावर कुरकुरलो होतो. आता वाटतं, हे असंच हवं, आपल्या जंगलांतही हवं. आमच्यासारख्यांनी विमानं बदलत तिथवर जावं का, हा प्रश्नही उरतोच. त्याचं सोयीस्कर उत्तर माझ्याकडे नाही. पण गेलोच तर निदान एवढं कळावं की जवळीक आपण घ्यायची नसते, ती त्या जिवाने द्यायची असते. दोन मीटरचा नियम आपल्याला आहे, त्याला नाही.

तर मावशी, हात नाही लावला. लावला नाही तो लेकीने, माझी अक्कल नव्हे. फोटोही हललेलाच आलाय. पिल्लाचं नाक आणि तिचे दोन पाय, बाकी सगळं धूसर. पुढच्या वेळी पुण्याला येईन तेव्हा दाखवतो.