देव शत्रूच्या वाट्याला

ऐतिहासिक युद्धपट पाहताना मला एक खोड लागली आहे. पडद्यावर प्रार्थना कोण करतं, याची मी मनातल्या मनात नोंद ठेवतो. आयुष्यभर बँकेत जमा आणि नावे असे दोन रकाने आखलेल्या माणसाला करमणुकीतही रकाने दिसतात, त्याला इलाज नाही. तर या नोंदवहीतून जे दिसतं ते असं : परदेशी भव्यपटांत, विषय धर्मयुद्धाचा असला तरी, नायक सहसा देवापुढे गुडघे टेकत नाही. तो भाषण करतो. देव, धर्म, पोथी, क्रूस आणि जप हे सगळं शत्रूच्या किंवा आपल्यातल्याच एखाद्या धर्मवेड्याच्या वाट्याला आलेलं असतं.

याचा सर्वांत चोख नमुना जुना आहे. सर्गेई आयझेनस्टाइनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ १९३८ साली आला. १२४२ मध्ये गोठलेल्या पायपस सरोवरावर जर्मन ट्यूटॉनिक सरदारांना रशियनांनी कसं हरवलं, त्याची ही कथा. त्यात शत्रूच्या अंगरख्यावर क्रूस, शिरस्त्राणाच्या फटीही क्रूसाच्या आकाराच्या, सोबत बिशप आणि वाद्य वाजवणारा साधू. हे धर्मवीर तान्ही मुलं आगीत टाकतात. आणि नेव्हस्की? तो लढतो मातीसाठी. आता गंमत पाहा, हा नेव्हस्की रशियन चर्चचा संत आहे. १५४७ साली त्याला संतपद दिलं गेलं. देव न मानणाऱ्या राजवटीने एका संतावर चित्रपट काढला आणि त्यातून त्याची श्रद्धा अलगद काढून घेतली. बरं, एवढं करूनही शेवटी त्याच्या तोंडी तलवारीने येणाऱ्याचा तलवारीनेच अंत होतो अशा अर्थाचं जे वाक्य घातलं, त्याचं मूळ बायबलातलंच. १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनचा हिटलरशी करार झाला आणि हा चित्रपट गुपचूप बाजूला ठेवला गेला. १९४१ मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या, तेव्हा तो पुन्हा बाहेर आला. डब्यातली रिळं तीच होती, सोय तेवढी बदलली होती.

सोव्हिएत राजवटीचं एक वेळ सोडून देऊ. प्रचार करायचा असं ठरवूनच ते बसले होते. मला अधिक विचारात पाडतो तो सद्हेतूने काढलेला चित्रपट. रिडली स्कॉटचा ‘किंगडम ऑफ हेवन’ २००५ साली आला. ११८७ मध्ये सलाहुद्दीन अय्यूबीने, म्हणजे युरोपच्या सलादिनने, ख्रिस्ती सरदारांकडून जेरुसलेम घेतलं, तो त्याचा विषय. सुमारे सव्वातीन तासांची त्याची लांब आवृत्ती मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा ती मला आवडली, हे आधीच सांगून टाकतो. सलादिन त्यात सभ्य, विचारी आणि उदार आहे. शहर जिंकल्यावर जमिनीवर पडलेला क्रूस तो उचलून नीट मेजावर ठेवतो. हा प्रसंग पाहताना घसा दाटून येतो.

पण माझी नोंदवही काय म्हणते? नायक बेलियन रात्रभर गोलगोथाच्या टेकडीवर बसतो आणि देव आपल्याशी बोलत नाही असं ठरवून खाली उतरतो. त्याला उपदेश करणारा धर्मसंघाचा सरदारच सांगतो की, धर्म नावाच्या गोष्टीवर आपला फारसा भरवसा नाही, पावित्र्य असतं ते योग्य कृतीत. सलादिनचा मुल्ला हल्ल्याची घाई करतो, तेव्हा सलादिन त्याला सैन्याची तयारी, संख्या, रोगराई नसणं आणि पाण्याची सोय यांचा हिशोब ऐकवतो. म्हणजे चांगली माणसं ती, ज्यांना देवाबद्दल आपल्यासारखाच संकोच आहे. देवाचं नाव मोठ्याने घेणारे मात्र रक्तपिपासू. राजा गी तर मंदिरवीरांच्या, म्हणजे टेम्पलरांच्या टोळीचा म्होरक्या दाखवलाय. प्रत्यक्षात टेम्पलर ब्रह्मचर्याची शपथ घेत, आणि हा गी राजाच झाला होता मुळी राजकन्येशी लग्न करून!

खरा बेलियन फ्रान्समधला लोहारही नव्हता. तो त्याच मुलखातला मातब्बर सरदार होता आणि त्याची बायको पूर्वीच्या राजाची विधवा. हत्तीनच्या लढाईत ख्रिस्ती सैन्याचा धुव्वा उडाल्यावर त्याने सलादिनकडे जेरुसलेममध्ये जाऊन बायकोला घेऊन येण्याची परवानगी मागितली. एकच रात्र राहीन, शस्त्र धरणार नाही, अशी शपथ घेतली. आत गेल्यावर लोकांनी त्याला सोडेना. तेव्हा धर्मगुरूने त्याला त्या शपथेतून मोकळं केलं आणि बेलियनने तसं सलादिनला कळवलं. सलादिनने ते समजून घेतलं, एवढंच नव्हे तर त्याच्या बायकोला सुखरूप बाहेर पोचवण्याची व्यवस्था केली. हे का घडू शकलं? शपथ म्हणजे काय, ती देवासमोर घेतलेली असते म्हणजे काय, हे दोघांनाही सारखंच कळत होतं म्हणून. देवाविषयी संकोच असलेल्या दोन आधुनिक गृहस्थांमध्ये हा प्रसंग उभाच राहणार नाही. चित्रपटातून तो गळाला, यात नवल नाही.

तटाखाली वाटाघाटी झाल्या, तिथला फरक तर डोळ्यांत भरतो. चित्रपटातला बेलियन म्हणतो की तुमचं आणि आमचं, माणसांना वेड लावणारं इथलं सगळंच मी जाळून टाकीन. सलादिनलाही क्षणभर वाटतं की तसं झालं तर बरंच! इतिहासातल्या बेलियनची धमकी वेगळी होती. आम्ही आधी आमच्याच बायकामुलांना मारू, मग आमच्या कैदेतल्या पाच हजार मुसलमानांना, आणि तुमची पवित्र मशीद व खडकावरचा घुमट जमीनदोस्त करू. ही भयंकर भाषा आहे. पण ती श्रद्धा असलेल्या माणसाने श्रद्धा असलेल्या माणसाला केलेली आहे. समोरच्याचं मर्मस्थान कुठे आहे ते त्याला नेमकं ठाऊक आहे. स्कॉटने त्या धमकीचं व्याख्यान केलं.

या वाटाघाटीत जे ठरलं ते चित्रपटात नाही, आणि माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला तीच सगळ्यांत मोठी चुटपुट आहे. पडद्यावर सलादिन सगळ्यांना फुकट सोडतो. प्रत्यक्षात दर ठरला होता. पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच, मुलाला एक. मुदत चाळीस दिवसांची. गरिबांपैकी सात हजारांसाठी एकरकमी तीस हजार दिनार. हे पैसे आले कुठून? इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने बेकेट या आर्चबिशपच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून पवित्र भूमीसाठी पैसे पाठवले होते. ते धर्मसंघांकडे ठेव म्हणून पडून होते. त्यातला टेम्पलरांकडचा वाटा हत्तीनच्या लढाईआधी सैनिकभरतीत संपला होता. हॉस्पिटलरांकडे उरलेल्या रकमेतून गरिबांची सुटका झाली. एका राजाने आपल्या पापापोटी भरलेले पैसे, हजारो मैलांवरच्या अनोळखी गरिबांच्या नावे वळते झाले! खाती फिरवण्यात आयुष्य गेलं, पण अशी नोंद मी कधी पाहिली नाही.

वेशीवरचा कारभार मात्र आपल्या ओळखीचा. अरब इतिहासकारच सांगतात की कारकून पैसे खात होते, काही लोक दोराने तटावरून उतरवले गेले, काही मुसलमान शिपायांच्या वेशात निसटले. ख्रिस्ती धर्मगुरूने स्वतःचे दहा दिनार मोजले आणि गाडाभर संपत्ती घेऊन तो निघून गेला; मागे ज्यांच्याकडे दहा दिनार नव्हते ते तसेच राहिले. सरदारांनी सलादिनला सुचवलं की त्याचा माल जप्त करा. सलादिनने शब्द मोडला नाही. सलादिनच्या भावाने एक हजार गरीब मागून घेतले आणि सोडून दिले. खुद्द सलादिनने म्हाताऱ्यांना मोकळं केलं. तरीही पंधरा-सोळा हजार माणसं उरली, ती गुलाम झाली. दया आणि गुलामगिरी एकाच वहीत, एकाच हातच्या अक्षरात.

हे मी सलादिनला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. उलट तो मला चित्रपटातल्यापेक्षा मोठा वाटतो. हत्तीननंतर त्याने टेम्पलर आणि हॉस्पिटलर कैद्यांपैकी सुमारे दोनशे जणांची मुंडकी उडवायला लावली, आणि ते काम करायला सूफी आणि विद्वान पुढे सरसावले, असं त्याच्याच चिटणिसाने लिहून ठेवलंय. ११९१ मध्ये त्याच्या हुकमाने सुहरावर्दी हा तत्त्ववेत्ता अलेप्पोत मारला गेला. त्याच वर्षी अक्कोच्या वेढ्यात ख्रिस्ती छावणीतली एक बाई रडत त्याच्यापुढे आली. तिचं तीन महिन्यांचं मूल कोणी चोरून बाजारात विकलं होतं. सलादिनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मूल शोधायला लावलं, घेणाऱ्याला त्याची किंमत चुकती केली आणि मूल आईच्या हातात दिलं. ११९३ मध्ये तो वारला तेव्हा खजिन्यात चांदीचे सत्तेचाळीस दिरहम आणि सोन्याचं एक नाणं होतं. मुंडकी उडवणारा आणि मूल सोडवून देणारा हे दोन सलादिन नव्हेत. तोच नमाज पढत होता. पडद्यावर मात्र दोघांपैकी एकालाच प्रवेश मिळतो.

हा चित्रपट घरी लावला असताना माझ्या दहा वर्षांच्या नातवाने अर्ध्यावर विचारलं, “आजोबा, आपण कुणाच्या बाजूचे?” प्रश्न साधा होता. त्याची आजी म्हणाली, “आधी जेवायला बसा.” पण मला तो सोडेना. आजवर पाहिलेल्या सगळ्या युद्धपटांतून त्या मुलाने एकच गोष्ट शिकून घेतली होती, की बाजू असतेच, आणि ती चित्रपट सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ओळखता आली पाहिजे.

आपल्याकडे हे ओळखणं फारच सोपं करून ठेवलंय. परदेशी नायक देवाला टाळतो. आपला नायक देवाचं नाव घेतो, पण आरोळी म्हणून. २०२० च्या ‘तान्हाजी’मध्ये उदयभान काळ्या वेशात मगर भाजून खातो. उदयभान राठोड रजपूत होता, कोंढाणा तो औरंगजेबाच्या वतीने राखत होता. त्याच्यावर पडद्यावरच्या ‘परक्या आक्रमका’चं सगळं सामान चढवलं, कारण शत्रू एका नजरेत कळायला हवा. म्हणजे धर्म हा तिथे श्रद्धेचा प्रश्न राहिलाच नाही, तो वेशभूषेचा प्रश्न झाला. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी खाफीखानाने, म्हणजे त्यांचा द्वेष करणाऱ्या लेखकाने, नोंदवलंय की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. शत्रूच्या लेखणीतून नाइलाजाने उतरलेल्या या नोंदीपुढे दहा आरोळ्या फिक्या पडतील. धर्मयुद्ध या आपल्या शब्दाला धर्मासाठी केलेलं युद्ध असा अर्थ नंतर चिकटला. आजी-आजोबांच्या भारतकथेत तो नियमाने केलेल्या युद्धासाठी होता. सूर्य मावळला की शस्त्र खाली.

श्रद्धा पडद्यावर दाखवताच येत नाही, असं कोणी म्हणेल तर मी त्याला प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहायला सांगेन. १९३६ साली दामले-फत्तेलालांनी ती दाखवली, आणि नुसती विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावर नव्हे. आजारी मुलाला घेऊन देवळात शिरून विठ्ठलाला फैलावर घेणारी जिजाई आठवा. देव आहे याची तिच्याइतकी खात्री दुसऱ्या कोणाला असेल? नसलेल्याशी कोण भांडतं! युद्धपटात असं एकही माणूस मला भेटत नाही. मुस्तफा अक्काद यांच्या १९७६ च्या ‘द मेसेज’मध्ये थोडंसं भेटतं. प्रेषित दिसत नाहीत, त्यांचा आवाज ऐकू येत नाही, कॅमेराच त्यांच्या जागी असतो. त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरच सगळी श्रद्धा वाचावी लागते. पण तिथेही श्रद्धावान पक्षाला डाग पडू द्यायचा नाही असा दंडक जाणवतो.

युसूफ शाहीन या इजिप्तच्या दिग्दर्शकाने १९६३ मध्ये सलादिनवर चित्रपट काढला. काळ नासर यांच्या अरब ऐक्याचा. कुर्द सलादिन त्यात अरबांचा पुढारी झाला, आणि ईसा नावाच्या त्याच्या सोबत्याला ख्रिस्ती अरब करण्यात आलं, म्हणजे ऐक्याचं चित्र पुरं होतं. स्वतः ख्रिस्ती घरात वाढलेल्या शाहीन यांचा हेतू समजतो. तरी खरा ईसा मला हवा होता. तो मुसलमान होता, पट्टीचा पोहणारा. अक्कोला ख्रिस्ती सैन्याने वेढा घातला असताना रात्री शत्रूच्या जहाजांखालून बुडी मारून तो शहरात पैसे आणि पत्रं पोचवत असे. एका रात्री कमरेच्या पट्ट्यात हजार दिनार आणि पत्रं बांधून तो निघाला आणि पोचल्याची खूण आलीच नाही. काही दिवसांनी शहराच्या किनाऱ्यावर एक देह लागला. सलादिनचा काझी बहाउद्दीन लिहितो, की जिवंतपणी ठेव पोचवणारे पुष्कळ, मेल्यावर ती पोचवणारा हा पहिलाच ऐकला. पट्ट्यातलं सोनं पुरं भरलं, मेणकापडातली पत्रं वाचता येत होती. ते सोनं शिपायांच्या पगाराचं होतं.