ड्रिल मशीनची पारख

स्मरणिकेच्या या पानांवर बाजार समित्या, वस्तू व सेवा कर, मालवाहतूक यांविषयी अधिकारी लेखणीतून उतरलेले लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस घरगुती ड्रिल मशीनचा विषय आणून बसविणे काही सभासद बंधूंस पोरकट वाटण्याचा संभव आहे. आमचे मत निराळे आहे. जो माणूस तुरीच्या पोत्यात तीन ठिकाणी परखी घालून दाणे हातावर घेतल्यावाचून सौदा करीत नाही, तोच माणूस खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलून कॉर्डलेस ड्रिल घरी आणतो, आणि दोन वर्षांनी बॅटरी निकामी झाली म्हणजे सगळे यंत्रच माळ्यावर टाकतो. हे इतक्या घरांतून दिसू लागले आहे की त्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले.

पूर्वी घरात खुंटी ठोकायची तर सुतारास निरोप जाई व तो गिरमिट घेऊन येई. आता दोन भोकांसाठी कारागीर येत नाही, आणि आला तर अर्ध्या दिवसाची मजुरी मागतो. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून यंत्र घरी असणे ही चैन राहिली नाही. वायरीच्या ड्रिलपेक्षा बॅटरीचे ड्रिल बरे, कारण शिडीवर चढल्यावर पायांत घोटाळणारी वायर नसते. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने असे पहिले ड्रिल १९६१ साली बाजारात आणले. पुढे त्याच कंपनीच्या साहाय्याने तयार झालेले बॅटरीचे ड्रिल १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांबरोबर चंद्रावर गेले. तेथे डेव्हिड स्कॉट यांनी भोक पाडावयास घेतले. पण खालची माती इतकी घट्ट निघाली व सळी अशी अडकून बसली, की ठरविलेली खोली काही गाठता आली नाही. एवढ्या खर्चाचे व एवढ्या विद्वानांनी घडविलेले यंत्र, पण शेवटचा शब्द जमिनीचा ठरला!

आपल्या घरी तो शब्द भिंतीचा असतो. यंत्र पाहण्यापूर्वी भिंत पाहावी, ही आमची पहिली सूचना. पाचवे निजाम अफजल-उद्-दौला यांच्या कारकिर्दीत धान्यव्यापाऱ्यांस जागा मिळून आपले अफझलगंज वसले. त्या काळच्या बांधणीची, दगड व चुन्याची जी घरे आसपासच्या गल्ल्यांतून अजून उभी आहेत, त्यांच्या भिंतीत चुन्याच्या सांध्यात भोक सहज पडते; पण हैदराबादचा ग्रॅनाइट आडवा आला की घरगुती बॅटरीचे ड्रिल नुसते रडते. नव्या वसाहतींतील सदनिकांची गोष्ट याहून वेगळी. तेथे तीन प्रकारच्या भिंती आढळतात. पहिली विटेची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची. हिच्यासाठी १८ व्होल्टचे, ठोके देण्याची सोय असलेले ड्रिल पुरेसे होते. दुसरी हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची, ज्यांस एएसी म्हणतात. हिच्यावर ठोके देऊच नयेत, नाहीतर भोक पसरट होऊन प्लग सैल बसतो. तिसरी सबंध काँक्रीटची, आत सळया असलेली. बहुमजली इमारतींत अलीकडे संपूर्ण भिंतीच अशा ओततात. तिच्यासाठी एसडीएस पकडीचे रोटरी हॅमर लागते. त्याची ठोका देण्याची रीतच भिन्न आहे. वर्षातून एकदा पडद्याची दांडी बसवावयाची असेल तर त्यापायी असले अवजड यंत्र विकत घेऊ नये. एका दिवसापुरते भाड्याने आणावे, अथवा कारागिरास सन्मानाने बोलवावे. भिंत कोणती हे बांधकाम करणाऱ्यास विचारता येते. नाहीतर कपाटामागे, कोणास न दिसेल अशा जागी एक बारीक भोक पाडून बाहेर येणारी भुकटी पाहावी. तांबडी असेल तर वीट, पांढरी व मऊ असेल तर एएसी, करडी असून टोक पुढे सरकतच नसेल तर काँक्रीट. ही परखीच झाली म्हणावयाची.

भिंतीखेरीजचे बहुतेक घरकाम लाकूड, प्लायवूड व पातळ पत्रा यांवरील स्क्रूचेच असते. ते सगळे १२ व्होल्टचे लहान यंत्र उत्तम करते.

आता व्होल्टचा प्रश्न. आमच्या या लेखाचे खरे प्रयोजन येथेच आहे. बाजारात १८, २० व २१ व्होल्टची यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक साहजिकच २१ कडे हात नेते. वस्तुतः तिन्ही बॅटऱ्यांच्या पोटात बहुधा तेच पाच लिथियमचे सेल असतात. अशा एका सेलचा काम करतानाचा दाब ३.६ व्होल्ट, पाचांचा १८. नुकताच चार्जरवरून काढलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवितो, पाचांचा २१. काम सुरू झाले की हा चढलेला आकडा लगेच खाली येतो. म्हणजे २१ लिहिणारा असत्य लिहीत नाही. तो फक्त ओल्या धान्याचे वजन सांगतो. खळ्यातून आलेला ओला मका ज्यांनी तोलून घेतला आहे व पंधरा दिवसांनी वखारीत त्याची घट पाहिली आहे, त्यांस यापेक्षा अधिक समजाविण्याची गरज नाही. डीवॉल्ट कंपनीची हीच श्रेणी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स व युरोपात १८ व्होल्ट या नावाने विकली जाते. १२ व्होल्टचेही तसेच. तीन सेलांचे मिळून १०.८ होतात, आणि युरोपात कित्येक वर्षे तोच आकडा खोक्यावर छापीत असत.

इथपर्यंत क्षम्य आहे. परंतु ४८, ८८ असे आकडे ठसठशीत छापलेली, 'व्होल्ट' हा शब्द चतुराईने टाळून त्याच्या जागी 'व्हीएफ' अशी अक्षरे असलेली जी स्वस्त खोकी ऑनलाइन बाजारातून घरोघर येतात, त्यांस आम्ही क्षमा करू शकत नाही. खरोखर ४८ व्होल्ट पाहिजेत तर तेरा सेल हवेत. ८८ साठी चोवीस हवेत. सर्वसाधारण लिथियम सेल १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब व सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा असतो. आता हिशेब मांडा. तेरा सेलांचे ५८५ ग्रॅम, चोवीसांचे १०८० ग्रॅम, आणि वर प्लास्टिकचे बारदान निराळे. आमच्या एका सोयऱ्यांनी ४८ आकड्याचे असेच यंत्र घेतले होते. आम्ही त्याची बॅटरी आमच्या गादीजवळच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली; बारदानासकट ती तीनशे ग्रॅमही भरली नाही! त्यांना विजेचे शास्त्र समजावीत बसण्याचे कारण उरले नाही. काट्याने ते काम केले.

म्हणून आमचे सांगणे असे की, बॅटरी घेताना तिचे वजन करावे. १८ व्होल्टची, २ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पाच साधे सेल. केवळ सेलांचे २२५ ग्रॅम झाले, त्याहून कमी भरली तर ती १८ व्होल्टची नव्हे. ४ अँपिअर-तास म्हणून विकली जात असेल तर आत दहा साधे सेल, म्हणजे ४५० ग्रॅम हवेत. किंवा अलीकडचे जाड सेल पाच, ते प्रत्येकी सुमारे ७० ग्रॅमचे, म्हणजे ३५० ग्रॅम. व्होल्टास अँपिअर-तासांनी गुणले की वॉट-तास येतात, आणि बॅटरीत किती माल भरला आहे याचे खरे माप तेच. १८ गुणिले २, छत्तीस वॉट-तास, १०.८ गुणिले २, एकवीस वॉट-तासांच्या वर थोडे. चांगल्या बॅटरीवर हा आकडा पुष्कळदा बारीक अक्षरांत छापलेला असतो. चष्मा लावून तो वाचावा. त्याच जागी भारतीय मानक ब्युरोचा आयएस १६०४६ हा क्रमांक शोधावा, आणि खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता व मूळ देश आहे की नाही तेही पाहावे. २००९ चा वैधमापन कायदा व त्याखालील आवेष्टित वस्तूंचे नियम आपल्या डाळींच्या पुड्यांस लागतात, तसे यांसही लागतात.

येथे आम्ही आपल्या बिरादरीतील हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांस एक विनंती करू इच्छितो. राणीगंजात व ट्रूप बाजारात ज्यांच्या पेढ्या आहेत, त्यांनी आपल्या गल्ल्यावर एक लहान काटा ठेवावा व ड्रिलच्या बिलावर व्होल्टाबरोबर वॉट-तासही लिहून द्यावे. ऑनलाइन बाजाराने धंदा नेला, अशी तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत होते. भावात आपण त्यास हरवू शकणार नाही. पण गिऱ्हाइकासमोर माल तोलून दाखविणे ही गोष्ट त्या बाजारास करता येत नाही, आणि ती आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीची आहे. बारदानातील फसवणूक उघडी करणारा दुकानदार गिऱ्हाईक सोडीत नाही, हे धान्याच्या पेठेत आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहो.

यंत्राच्या इतर अंगांविषयी थोडक्यात लिहितो. पकड, जिला चक म्हणतात, ती लहान यंत्रात १० व मोठ्यात १३ मिलीमीटरपर्यंतचे टोक घेते. घरी १० पुरते. गतीचे दोन टप्पे असावेत, स्क्रूसाठी संथ व भोकासाठी जलद. पुढच्या बाजूस आकडे असलेले फिरते कडे असते. स्क्रू पुरेसा बसला की ते यंत्राची पीळ देण्याची क्रिया थांबविते. आकडा लहान ठेवून सुरुवात करावी, म्हणजे कपाटाचे लाकूड फाटत नाही. कार्बनच्या ब्रशांवाचून चालणारी मोटर आता सर्वत्र वाखाणली जाते. ती टिकते अधिक व बॅटरी खाते कमी हे खरे, पण वर्षाला वीस-पंचवीस भोके पाडणाऱ्या गृहस्थाने तिच्यासाठी दीडपट पैसे मोजावेत असे आम्हांस वाटत नाही. त्याच पैशांत दुसरी बॅटरी घ्यावी.

हातातील वजनाचा विचार मात्र अवश्य करावा. यंत्र घेतात पुरुष, आणि त्याची गरज पडते ती बहुधा स्वयंपाकघरात, दुपारी, पुरुष पेढीवर असताना. आमच्या घरी १२ व्होल्टचे, एक किलोच्या आसपासचे यंत्र आल्यापासून फडताळांच्या सैल बिजागऱ्या धाकट्या सूनबाई स्वतःच आवळतात व कोणाची वाट पाहत नाहीत. मोठे यंत्र असते तर ते पेटीतच राहिले असते. दुकानात जाताना घरातील स्त्रियांस बरोबर न्यावे व यंत्र त्यांच्या हाती देऊन, हात खांद्याएवढा उचलून धरावयास सांगावे. मिनिटभरात निर्णय होतो.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही, ही या धंद्यातील मोठी पीडा. १९५६ च्या कायद्यान्वये देशभर किलोग्रॅम येण्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा असे व परगावचा व्यापारी त्यात नाडला जाई. बॅटऱ्यांचा बाजार आज त्या अवस्थेत आहे. युरोपात बॉश, गार्डेना आदी कंपन्यांनी २०२० साली एकत्र येऊन १८ व्होल्टची सामाईक बॅटरी मान्य केली, ही सुरुवात स्तुत्य होय. परंतु सर्वांचा एक शेर व्हावयास अवकाश आहे. तोपर्यंत जिची सुटी बॅटरी आज आपल्या शहरात दुकानातून हाती मिळते, त्याच कंपनीचे ड्रिल घ्यावे. 'मागवून देतो' हे उत्तर पुरेसे मानू नये.

बॅटरीचा मुख्य शत्रू उष्णता. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील गोदामात त्याहूनही वर. अशा जागी बॅटरी ठेवू नये. काम संपताच तापलेली बॅटरी चार्जरला लावू नये. अर्धा तास गार होऊ द्यावी. महिनोन्‌महिने वापर नसेल तर पूर्ण भरून अथवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरलेली ठेवावी. भिंतीत भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर व खाली वायर असते हे ध्यानात धरावे, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नये. दबली वा चेपली तर ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेतानाच दुकानदारास विचारून ठेवावे की जुनी कोठे द्यावयाची, आणि तो पत्ता बिलाच्या पाठीवर लिहून घ्यावा.